वारशात आलेला कपबश्यांचा सेट: नगागणिक परीक्षण

कोल्हापुरात शिवाजी पेठेतला किंवा मंगळवार पेठेतला जुना वाडा पाडून तिथे अपार्टमेंट करायचं ठरलं, की घराच्या आधी भांड्यांची वाटणी होते. तांब्याचा बंब, पितळेची परात, काशाच्या वाट्या यांचा निकाल पटकन लागतो. कुणालाच नको असतील तर काट्यावर घालायच्या, मोड घ्यायची आणि पैसे वाटून घ्यायचे. फडताळातल्या चिनी मातीच्या सेटचं तसं होत नाही, कारण त्याला मोडच नाही. भोक पडलेला हंडासुद्धा वजनावर जातो. सोनेरी काठाचा अखंड सेट भंगारवाला हातातही घेत नाही. त्यामुळे त्याची किंमत ठरते ती फक्त वापरावर. हा वापर आजच्या कोल्हापुरी स्वयंपाकघरात कितपत होतो, ते इथे पाहिलं आहे.

सेट म्हणून त्याला एकगठ्ठा गुण देण्यात अर्थ नाही. चहाचा सेट १५ नगांचा: सहा कप, सहा बश्या, किटली, मिल्क पॉट, शुगर पॉट. २१ नगांचा असेल तर वर सहा छोट्या प्लेट्स. दोन पिढ्या वापरून झाल्यावर हा आकडा पुरा भरणारी घरं विरळाच. सहा बश्या आणि चार कप, हाच नेहमीचा हिशेब. ‘सेट पुरा नाही’ म्हणून जे आहे तेही कपाटात कोंडून ठेवणं, हे या मालाचं सर्वांत मोठं नुकसान. परीक्षण नगाचं करावं.

तपासायला दिवसाउजेडी खिडकीजवळ बसावं आणि खाली जाड टॉवेल अंथरावा. नग आधी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करायचा, कारण धुळीखाली चीर लपते. मग कप उलटा करून तीन बोटांच्या टोकांवर तोलायचा आणि कडेला पेन्सिलीने हलकेच वाजवायचं. नाद स्वच्छ निघून लांबत गेला तर अंग अखंड. बद्द वाजला तर कुठेतरी टिचलेला आहे, मग डोळ्याला दिसो वा न दिसो. यात एक मेख आहे: कमी भाजलेली, जाडसर मातीची भांडी अखंड असली तरी बद्दच वाजतात. म्हणून तुलना त्याच सेटमधल्या दुसऱ्या कपाशी करावी, शेजारच्या वेगळ्या कपाशी नाही.

दुसरी तपासणी अंधारात, मोबाइलच्या टॉर्चवर. कपाच्या आत उजेड धरला आणि बाहेरून बोटांची सावली दिसली, तर ते पोर्सिलेन किंवा बोन चायना. उजेड पिवळसर, सायीच्या रंगाचा वाटला तर बहुधा बोन चायना. निळसर-पांढरा वाटला तर पोर्सिलेन. काहीच आरपार आलं नाही तर साधी पांढरी माती. टिचलेली रेघ टॉर्चवर काळी उठून दिसते, विशेषतः कानाच्या वरच्या सांध्यापाशी; कप पहिल्यांदा तिथेच जातो. काही जपानी कपांच्या तळाशी उजेड धरला की बाईचा चेहरा उमटतो. तो रंगवलेला नसतो. माती कमी-जास्त जाड ठेवून तो घडवलेला असतो. असा कप निघाला तर तो इतर नगांत मिसळू नका. संग्रह करणारे लोक तो सुटा एकटाही घेतात.

तळाचा शिक्का वाचावा, पण त्यावरून श्रीमंतीची स्वप्नं बघू नयेत. नुसतं ‘निप्पॉन’ (जपानचं जपानी नाव) लिहिलेला माल साधारण १८९१ ते १९२१ या काळातला, कारण अमेरिकेच्या १८९०च्या आयात कायद्याने १८९१ पासून मालावर देशाचं नाव बंधनकारक केलं आणि १९२१ नंतर तिथे ‘जपान’ हे नाव मागितलं गेलं. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची काही वर्षं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण तो देशच नव्हता. नोरिताके ही जपानी कंपनी १९०४ ची, पण तिचा माल पुढे अनेक दशकं लाखोंनी निघाला. शिक्का खरा म्हणून नग दुर्मीळ होत नाही. आपल्याकडच्या घरांत बंगाल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज, हितकारी ही नावंही सापडतात.

बोन चायना हा कोल्हापुरात नाजूक विषय आहे आणि तो वाटणीच्या वेळीच उघड बोलावा. या मातीत जनावरांच्या हाडांची राख खरोखरच असते, आणि थोडीथोडकी नाही, जवळपास निम्मी. शाकाहारी, विशेषतः जैन कुटुंबात कुणाला सेट द्यायचा असेल तर आधी सांगणं हे साधं सौजन्य. ‘फाइन चायना’ किंवा ‘पोर्सिलेन’ असा शिक्का असेल तर सहसा हाडांची राख नसते. शिक्काच नसेल तर टॉर्चची खूण उपयोगी पडते, पण ती अंदाजाची. ज्यांना शंका नको आहे त्यांना असा नग देऊच नये.

आता वापर. कप बहुतेक दीडशे मिलिलिटरच्या आसपासचे, पातळ ओठाचे. आपल्या उकळलेल्या चहाला हा आकार झकास बसतो: चार-पाच घोटांचा चहा शेवटपर्यंत गरम राहतो, आणि पातळ कडेमुळे घोट सुबक येतो. आजच्या जाड मगापेक्षा इथे जुना कप सरळ जिंकतो. बश्याही चांगल्या. जुनी बशी खोलगट असते, त्यामुळे चहा ओतून प्यायला चालते; नव्या सपाट बश्यांत तो कडेवरून सांडतो. फक्त थंडीच्या सकाळी कपाटातल्या गार कपात थेट उकळता चहा ओतू नये. आतलं अंग झटकन फुगतं, बाहेरचं गारच राहतं, आणि आधीची बारीक चीर तळापर्यंत धावते. गरम पाण्याने कप विसळून घेतला की हा धोका बराच कमी होतो.

किटली दिसायला सेटची राणी, कामात सर्वांत कच्ची. ती पत्तीवर गरम पाणी ओतायच्या पद्धतीसाठी घडवलेली आहे. चोचीच्या बुडाशी आतून बारीक भोकं असतात, आणि आपल्या दुधाच्या चहाची साय व चोथा तिथेच अडकतो. मग चोचीत दुधाचा थर धरतो, आंबूस वास येतो, आणि तिथे घासणीही पोहोचत नाही. त्यात चोचीचं टोक गोलसर असेल तर शेवटचा थेंब बाहेरून ओघळून टेबलक्लॉथवर. चोचीच्या खालच्या बाजूला लोण्याचं बोट फिरवलं तर थेंब सुटतो, पण रोज कोण करणार? गवती चहा किंवा बिनदुधाचा चहा करणाऱ्या घरी किटली द्यावी. बाकीच्यांनी ती फुलांसाठी ठेवली तरी तिचा अपमान नाही.

डिनर सेटमधली मोठी प्लेट आपल्या जेवणाला फारशी उपयोगाची नाही. रुंद कडा, मधला भाग सपाट. तांबडा रस्सा भाकरीकडे धावतो आणि दोन वाट्या ठेवल्या की जागा संपते. सूप प्लेट मात्र न बोलता सगळ्यांत जास्त राबते. मिसळ, पांढरा रस्सा-भात, शेवयांची खीर, सगळं तिच्यात नीट बसतं. वाटणीत निवडायची पहिली पाळी तुमची आली तर किटली सोडा आणि सूप प्लेट्स उचला. झाकणाचा मोठा बाऊल पाहुण्यांच्या दिवशी रश्श्याला शोभतो, पण त्यालाही आधी कोमट पाण्याची सवय द्यावी लागते. चुलीवरून उतरवलेला रस्सा गार बाऊलमध्ये ओतला की तळातून ‘टक्’ असा आवाज येतो, आणि तो ऐकू आला की उशीर झालेला असतो.

सोनेरी किंवा चंदेरी रेघ असलेला कोणताही नग मायक्रोवेव्हमध्ये नको. ठिणग्या उडतात आणि रेघ करपते. झिलईवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर, बारीक जाळी पडलेला नग रेघ नसली तरी नको, कारण जाळीतून मुरलेलं पाणी तापून भांडंच भाजणारं होतं. डिशवॉशरमध्ये झिलईवर छापलेली फुलं काही महिन्यांत फिकी पडतात. नखाने चाचपून पाहावं: फूल किंचित उठावाचं लागलं तर ते झिलईच्या वर आहे, गुळगुळीत लागलं तर बहुधा झिलईखाली, आणि ते टिकतं.

ही जाळी का पडते? झिलई आणि आतली माती भट्टीनंतर सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत, किंवा साध्या मातीने वर्षानुवर्षं ओल शोषून अंग फुगवलं, की ताण काचेसारख्या झिलईवर येतो आणि ती तडकते. तडकलेल्या रेषांत चहा, तेल, हळद शिरते. वरवरचा चहाचा डाग खाण्याच्या सोड्याची ओली चिमूट बोटाने चोळली की जातो. तांबड्या रश्श्याने पिवळे झालेले डाग उन्हात ठेवावेत. हळदीचा रंग उजेडाने उडतो, दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हात फरक दिसतो. जाळीत मुरलेल्या तपकिरी डागांना मेडिकलमध्ये मिळणारं सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड (बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं) वापरावं. नग आधी तासभर साध्या पाण्यात भिजवायचा, मग पेरॉक्साइडमध्ये बुडवलेल्या कापसाने झाकून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एक-दोन दिवस ठेवायचा. हातमोजे हवेतच. नंतर पाणी बदलत भिजवून आठवडाभर वाळू द्यायचा. ब्लीचचं पाणी मात्र नको. त्यातले क्षार मातीत राहतात, वाळताना फुगतात आणि झिलईचे पापुद्रे सुटतात. हिरवी घासणी आणि तांब्या-पितळेची पावडर सोन्याच्या काठाला लावली तर काठ गेला म्हणून समजा.

रंगांत शिसं असू शकतं. हे भीती घालायला नव्हे, कामाला लागायला सांगतो आहोत. जुन्या झिलईत आणि वरून भरलेल्या लाल, केशरी, पिवळ्या रंगांत शिसं आणि कॅडमियम वापरलं जाई. प्रयोगशाळेत भांड्यात ४ टक्के ॲसेटिक ॲसिड २४ तास ठेवून किती शिसं उतरलं ते मोजतात. अमेरिकेची मर्यादा कपांसाठी लिटरला ०.५ मिलिग्रॅम, सपाट प्लेटसाठी ३ मिलिग्रॅम आहे. कपाला कडक नियम, कारण त्यातलं पेय रोज थेट पोटात जातं. घरी आकडा कळत नाही, पण आतल्या बाजूच्या रंगावर व्हिनेगरचा बोळा रात्रभर ठेवून सकाळी रंग निस्तेज झाला किंवा कापसाला लागला, तर तो नग खाण्यापिण्यातून काढावा. रंग टिकला म्हणजे शिसं नाही, असा उलटा अर्थ मात्र घेऊ नये. आतून रंगकाम असलेल्या जुन्या भांड्यात सोलकढी, ताक, चिंचेचं सार किंवा लोणचं ठेवू नये, आणि लहान मुलांना त्यात रोज देऊ नये. आतून कोरा पांढरा, बाहेरून नक्षी असा कप त्या मानाने बरा, तोही ओठ टेकतो ती कड साधी असेल तर.

बरणीचं गणित वेगळं. वरून तपकिरी, खाली पांढरट अशी लोणच्याची बरणी जास्त तापमानाला, १२०० अंशांच्या आसपास भाजलेली असते. ती पाणी फारसं पीत नाही. तिची चाचणी सोपी: पाणी भरून वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर बरणी शाबूत. बाहेरून पांढरी पूड फुटलेली दिसली तर आत चीर आहे आणि वर्षानुवर्षांचं मीठ त्या वाटेने बाहेर येतं आहे. धुऊन ते थांबत नाही. अशीत धान्य ठेवा, लोणचं नको. शाबूत बरणीला आजही मागणी आहे, हा एकच नग वाटणीत कुणी नाकारत नाही.

डागडुजीबद्दल आमचं मत कडक आहे. फेव्हिक्विक पहिल्या दहा सेकंदांत चिकटतं आणि तिथेच घात होतो: तुकडा केसभर सरकला तर पुढचे सगळे तुकडे चुकत जातात, आणि गरम पाण्याच्या दोन-चार फेऱ्यांत सांधा सुटतो. अ‍ॅराल्डाइटच्या दोन नळ्या समान मापाने, नीट एकजीव कराव्या लागतात. माप चुकलं तर सांधा चिकट राहतो, कधीच वाळत नाही. आधी सगळे तुकडे कोरडेच टेपने जुळवून क्रम ठरवायचा, नाहीतर शेवटचा तुकडा आत जात नाही. टेप सोन्यावर लावू नका, ती सोनं घेऊनच निघते. कडा ॲसिटोनने पुसायच्या, लेप कागदाइतका पातळ, आणि नग तांदळाच्या डब्यात असा रोवायचा की सांधा आडवा राहून वरचा तुकडा स्वतःच्या वजनाने बसेल. २४ तास हात लावायचा नाही, पावसाळ्यात त्याहून जास्त. एवढं करूनही तो सांधा शोभेच्या नगासाठीच. गरम चहाने अ‍ॅराल्डाइट मऊ पडतं. चिकटवलेल्या कानाचा कप उचलताना चहा मांडीवर येऊ शकतो.

ऑनलाइन मिळणारे ‘किंत्सुगी’चे, म्हणजे फुटलेलं भांडं सोनेरी सांध्याने जोडायच्या जपानी पद्धतीचे संच बहुतेक याच जातीचं डिंकाचं मिश्रण आणि सोनेरी पूड असतात. खऱ्या जपानी पद्धतीत उरुशी झाडाचा चीक लागतो. तो दमट हवेत आठवडेच्या आठवडे मुरतो. कोल्हापूरचा जुलै त्याला मानवेल, पण तो बिब्ब्याच्या कुळातला आहे आणि अंगावर तसाच उततो. टवका उडालेल्या शोभेच्या नगावर रंग जुळवून हवा असेल तर शाहूपुरी किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीत मूर्तींची आखणी करणाऱ्या कारागिराला दिवाळीनंतर, हात मोकळे असताना विचारावं. भट्टीत पुन्हा भाजून द्या, असं मात्र सांगू नका. कुंभाराची भट्टी तेवढी तापत नाही आणि जुना नग त्यात तडकतो.

२०१९ आणि २०२१च्या पुरात पाण्याखाली गेलेल्या घरांतला सेट असेल तर जास्त काटेकोर व्हा. गाळ वाळलेला असताना घासू नये, त्यातली वाळू झिलई ओरबाडते. रात्रभर भिजवून वाहत्या पाण्याखाली सोडवावा. जाळी पडलेले नग पुराच्या पाण्यात राहिले असतील तर ते खाण्यासाठी वापरू नयेत. जुने डिंकाचे सांधे अशा वेळी आपोआप उघडे पडतात.

वाटणी समान संख्येने करू नये. थोरल्या जाऊबाईंना तीन कप, धाकटीला तीन कप, नणंदेला किटली असं केलं की तिघींकडेही काहीच चालत नाही. सहाच्या सहा कप-बश्या एका घरी, सूप प्लेट्स दुसऱ्या घरी, बाऊल आणि बरण्या तिसऱ्या घरी, असं कामानुसार वाटावं. मोडकी जोडी उरली तर वेगवेगळ्या सेटचे कप आणि बश्या एकत्र वापरा. बशीतला खळगा कपाच्या तळाला बसतो का, तेवढं पाहा.

घरात कुणालाच नको असेल तेव्हा पैशाची अपेक्षा कमी ठेवा. अमेरिकेत फुटलेल्या नगाच्या जागी जुना जुळणारा नग शोधून देणारा धंदा १९८१ पासून चालतो. आपल्याकडे तसा बाजार नाही, म्हणून जोडी न जुळलेला नग इथे जवळजवळ फुकटच. मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिका-चित्रपटांची कामं चालतात, आणि कला विभागाला जुन्या काळचा दिवाणखाना सजवायला किटली, ट्रे, चार कप लागतात. टिचलेलेही चालतात, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बाजूने. हौशी नाट्यसंस्थांचंही तेच. ‘घरगुती’ रूप देणारी हॉटेलं बरण्या घेतात. मुलीच्या मैत्रिणीला नवं घर मांडायचं असेल तर तिला सहा कप द्या. फक्त आधी विचारा, आणि नाही म्हणायची मोकळीक ठेवा. देताना एक चिठ्ठी घाला: कोणता बोन चायना, कोणता चिकटवलेला, कोणता फक्त शोभेचा.

पुण्या-मुंबईला पाठवायचं असेल तर प्लेट्स आडव्या रचू नका, खोक्यात उभ्या ठेवा. धक्का कडेवर बसला तर त्या तग धरतात, सपाट पोटावर बसला तर गठ्ठाच जातो. आत कोरा कागद, बाहेर वर्तमानपत्र, कारण शाई जाळीत उतरते. कपात कप घालू नये. कानाच्या पोकळीत कागदाचा बोळा, झाकण वेगळं गुंडाळलेलं. भरलेलं खोकं हलवून पाहावं. आत काही खडखडलं तर पुन्हा भरावं. त्या खोक्याभोवती दोन-दोन इंच भरण ठेवून दुसरं खोकं, आणि एकूण वजन १५ किलोच्या आत. शेतातलं पाचट भरणाला फुकट मिळतं, पण त्यात ओल आणि माती असते.

जे फुटलंच आहे त्यातल्या प्लेटचे सपाट तुकडे गच्चीवरच्या चायना मोझॅकसाठी गवंडी घेतो. कप-किटलीचे वाकडे तुकडे सपाट बसत नाहीत, धार वर राहते. ते कुंडीच्या तळाशी घालावेत. उरलेले जाड खोक्यात भरून, टेप लावून, वर ‘फुटकी भांडी’ लिहून घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळे द्यावेत. काचेच्या बाटल्यांत मिसळू नयेत, कारण काच वितळते त्या आचेला चिनी माती वितळत नाही आणि तिचा एक खडा नव्या बाटलीत दोष सोडतो.